पिशवी मातीत गेली, पण तिची माती झाली का?

बकरी ईदला गोश्त वाटायचे म्हटले की पिशव्या लागतात. हल्ली दुकानदार हिरव्या अक्षरांची पिशवी पुढे करतो आणि म्हणतो, "ही जमिनीत विरघळते." आपणही निश्चिंत होतो. पण प्लास्टिक मातीत आपोआप विरघळत नाही. ते कोणीतरी खावे लागते, आणि खाणारे असतात मातीतले जिवाणू व बुरशी.

एक प्लास्टिक तर जिवाणूच तयार करतात. १९२६ मध्ये फ्रान्सच्या मोरिस लेमॉन्य यांना ते जिवाणूंच्या पेशीत सापडले. त्याचे नाव पीएचबी. आपल्या अंगात चरबी साठते, तसा हा जिवाणूंचा साठा. म्हणूनच मातीतले अनेक जिवाणू ते खातात. ते विकर बाहेर सोडतात, विकर प्लास्टिकच्या लांब साखळ्या कापते आणि बारीक तुकडे जिवाणू शोषून घेतात. हवा असेल तर शेवटी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उरतो.

मका किंवा उसापासून बनणारे पीएलए मात्र हट्टी आहे. त्याच्या साखळ्या आधी उष्णतेने आणि ओलाव्याने तुटाव्या लागतात. त्यासाठी सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमान लागते. एवढी धग मोठ्या खत प्रकल्पाच्या ढिगात असते, आपल्या कुंडीत नसते.

इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठाने वेगवेगळ्या पिशव्या मातीत पुरून पाहिल्या. २०१९ मध्ये निष्कर्ष आला: 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेली पिशवी तीन वर्षांनंतरही सामान वाहू शकत होती! काही पिशव्या तर साध्याच प्लास्टिकच्या असतात. त्यात फक्त रसायन मिसळलेले असते. उन्हाने त्यांचा चुरा होतो, पण चुरा म्हणजे माती नव्हे.

मग करायचे काय? पिशवीवर नुसते 'बायोडिग्रेडेबल' नको, 'कंपोस्टेबल' हा शब्द आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा उल्लेख पाहा. तशी पिशवीही परसात पुरू नका, गटारात तर नाहीच. गावात खत प्रकल्प असेल, तर ती तिथे घेतात का, हे आधी विचारा.

आणि सर्वांत सोपे म्हणजे, यंदा नातेवाईकांना आधीच सांगून ठेवा: येताना डबा घेऊन या. मुलांच्या हाती शेजारी हिस्सा पाठवायचा तर आपलाच डबा द्या. रिकामा डबा परत येतो, पिशवी येत नाही.