प्रमाणपत्र मिळाले, हत्यारांचे काय?

जालना, अंबड, परतूर, भोकरदन. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानदाराचे पत्र कुठूनही येवो, या महिन्यात रड एकच आहे. घरी हौसेने शिकणारी पोरे ‘११५ इन १’ सेट ऑनलाइन मागवतात, घरातल्या मोबाइलवर हात साफ करून घेतात आणि मग उघडा सेट पिशवीत घालून काउंटरवर आणून ठेवतात. स्क्रूचे डोके गुळगुळीत, डिस्प्ले-कॉम्बोची पट्टी फाटलेली, बॅटरीच्या पोटात पात्याचा ओरखडा.

तक्रार खरी आहे. पण सुरुवातीला काय घ्यावे, हे या पोरांना दुकानदारांपैकी किती जणांनी सांगितले? एवढ्या टोकांपैकी कामाला येतात पाच-सहा: बारीक फिलिप्स, आयफोनच्या बुडाला पेंटालोब, आत वाय-ट्रिपल झिरो. आणि त्या चकचकीत डबीत धड चिमटा नसतो, मल्टिमीटर तर नाहीच. त्या पैशात एक चांगला स्क्रूड्रायव्हर, वाकड्या टोकाचा चिमटा आणि प्लास्टिकचे ओपनर येतात. पुढची भर बीप देणाऱ्या मल्टिमीटरची, तापमान बांधता येणाऱ्या सोल्डरिंग आयर्नची आणि आयपीएच्या (आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या) बाटलीची. एसएमडी (गरम हवेचे मशीन) आणि डीसी मशीन (पॉवर सप्लाय) हात बसल्यावर. तोवर खोललेला प्रत्येक स्क्रू कागदावर त्याच्या जागी चिकटवून ठेवावा. आयफोनमध्ये थोडासा लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला की खालचा ट्रॅक तुटतो आणि साधे डिस्प्लेचे काम जंपरवर जाते.

पोरांना हसणाऱ्यांनी आपल्या टेबलाकडेही पाहावे. अजून थिनरने बोर्ड धुणारे आहेत, एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत अर्थिंगच्या पट्ट्याशिवाय आयसीला हात लावणारे आहेत, फुगलेली बॅटरी कचऱ्यात टाकणारेही आहेत.

आता सरकारकडे वळू. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी, कुलूप बनवणारा, बाहुल्या करणारा असे १८ व्यवसाय तिच्यात आहेत. मूलभूत प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५ हजारांचे ई-व्हाउचर, पुढे ५ टक्क्यांनी कर्ज. त्या कारागिरांना ते मिळालेच पाहिजे, त्याबद्दल कोणाचा वाद नाही. मोबाइल दुरुस्तीचे नाव मात्र यादीत नाही.

का नाही? व्यवसाय पारंपरिक नाही म्हणून. ठीक. पण याच देशात आयटीआयसाठी ‘स्मार्टफोन टेक्निशियन कम अ‍ॅप टेस्टर’ हा ट्रेड आहे. तो प्रशिक्षण महासंचालनालयाचा, म्हणजे कौशल्य विकास मंत्रालयाचा. विश्वकर्मा योजना राबवणाऱ्या तीन खात्यांतही तेच मंत्रालय बसले आहे. एका हाताने पोराला प्रमाणपत्र द्यायचे आणि दुसऱ्या हाताने हत्यारांच्या यादीतून त्याचा व्यवसाय बाहेर ठेवायचा! १५ हजारांत आयर्न, मल्टिमीटर, एसएमडी, डीसी मशीन, मॅट असे नवशिक्याचे सगळे टेबल उभे राहते, हे यादी करणाऱ्यांनी बाजारात एकदा विचारले असते तर कळले असते.

ग्राहक व्यवहार विभागाचे कौतुकही जपूनच करावे लागते. डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल आले. मे २०२५ मध्ये विभागानेच नेमलेल्या भरत खेरा समितीने दुरुस्तीक्षमता निर्देशांकाचा अहवाल दिला. गुण देताना सुटे भाग, दुरुस्तीची माहिती यांबरोबर हत्यारे आणि स्क्रूंचे प्रकारही मोजावेत, असे त्यात आहे. उत्तम! पण मोजायचे कोणी? कंपन्यांनीच, स्वतःच्या घोषणेवर. परतूरच्या टेबलावर बसलेल्या कारागिराला विचारण्याची सोय त्यात दिसत नाही.

तेव्हा कुरकुर पुरे. विश्वकर्मा योजना जाहीर करताना ‘पहिल्या टप्प्यात’ १८ व्यवसाय असे केंद्रानेच म्हटले होते. म्हणजे दार बंद नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक दुकानदाराने या महिन्यात जिल्हा उद्योग केंद्राकडे लेखी निवेदन द्यावे: मोबाइल दुरुस्ती यादीत घ्या. आयटीआयचे प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत जोडा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

आणि भंगारात निघालेले मदरबोर्ड किलोवर विकण्याआधी चार-दोन बाजूला काढून ठेवा. पिशवी घेऊन आलेल्या पोराला ते द्या, सोबत हत्यारांची वरची यादी लिहून द्या. घरचा चालू मोबाइल खोलण्याआधी त्याने त्यावर हात बसवावा.