‘सत्कार्यास’ म्हणजे कोणास?

आपल्या समाजात दातृत्वाची वाण आहे, असे आम्हांस वाटत नाही. देवळाच्या पायरीपासून वसतिगृहाच्या भिंतीपर्यंत देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. वाण आहे ती निश्चयाची. आणि मृत्युपत्र लिहिताना ती जितकी उघडी पडते तितकी अन्यत्र क्वचितच पडत असेल. घर, शेत व ठेवी यांची वाटणी करताना आमचा सुखवस्तू गृहस्थ कोणत्या मुलास कोणती खोली द्यावयाची यात बोटभर फरक पडू देत नाही. परंतु धर्मादायाचे कलम आले की त्याची लेखणी एकाएकी सैल होते, आणि तो लिहितो : ‘उरलेल्या रकमेचा विनियोग मुलांनी योग्य वाटेल त्या सत्कार्यास करावा.’ हे वाक्य लिहिणाऱ्याच्या खाती पुण्य जमा होते की नाही, हे चित्रगुप्त जाणे. कोणत्याही संस्थेच्या हाती त्यातून बहुधा काही पडत नाही, एवढे आम्हांस दिसते. दान करावयाचे ते मुलांनी, आणि दाता म्हणवून घ्यावयाचे ते आपण! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा हाच तो प्रकार.

या मोघमपणाचा निकाल न्यायासनाने फार पूर्वी लावला आहे. रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई या मुंबईच्या खटल्यात मृत्युपत्रातील ‘धर्म’ या शब्दासाठी ठेवलेली देणगी प्रिव्ही कौन्सिलने 1899 साली रद्द ठरविली. ज्या शब्दाच्या पोटात सारे सदाचरण मावते, त्यावर देखरेख तरी कशी करावयाची, असा तो प्रश्न होता. पुढे 1950 च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाने दात्यांवर दया केली. धर्म, धर्मादाय, पुण्यकार्य असे मोघम शब्द आहेत एवढ्याच कारणाने महाराष्ट्रात आज सार्वजनिक न्यास रद्द होत नाही. परंतु कायद्याने मोघम शब्दास जीवदान दिले म्हणून त्यास हातपाय फुटत नाहीत. पैसा कोणास, कशासाठी व कोणाच्या हातून, हे दात्यानेच सांगावे लागते.

ते कसे सांगावे, हे शिकण्यास नागपूरकरांस दूर जावयास नको. कामठीचे खाणमालक रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण यांनी 1930 च्या मृत्युपत्राने सुमारे 35 लक्ष रुपयांची संपत्ती नागपूर विद्यापीठास दिली, तीही उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्र यांच्या शिक्षणासाठी, असे स्पष्ट सांगून. विद्यापीठ तेव्हा अवघे सात वर्षांचे होते. अमरावती मार्गावरील तंत्रशास्त्र संस्था उभी राहण्यास 1942 साल उजाडले. मध्यंतरी बारा वर्षे गेली. पण दात्याचा हेतू हरवला नाही, कारण तो नातलगांच्या स्मरणावर सोपविलेला नव्हता, कागदावर होता. 2023 साली त्या संस्थेचे स्वतंत्र विद्यापीठ झाले, तरी लक्ष्मीनारायण हे नाव तिच्यावर कायम आहे. नोबेल यांच्या 1895 च्या मृत्युपत्राविरुद्ध नातलग उभे राहिले होते. तरीही विषय आणि निवड करणाऱ्या संस्था त्यात नमूद असल्यामुळे 1901 साली पहिली पारितोषिके दिली गेली.

यावर तीन आक्षेप हटकून येतात. पहिला, हा मुलांवर अन्याय आहे. आधी पोटोबा, मग विठोबा, हे आम्हांसही मान्य आहे. पत्नी, अपंग अपत्य, वृद्ध बहीण यांची तरतूद न करता जो दान करतो, त्यास आम्ही दाता म्हणत नाही. परंतु मिळवत्या, घरदार असलेल्या मुलांच्या पदरात बापाची पै न पै पडलीच पाहिजे, असा स्वकष्टार्जित संपत्तीविषयी हिंदू कायद्याचा दंडक नाही. दुसरा आक्षेप, मेल्यावर दिले त्यात त्याग तो कोणता? त्याग कमी असेल. पण विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती हवी असते, दात्याच्या त्यागाचे मोजमाप नव्हे. तिसरा आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे : संस्था पैसा खातात. काही खातात, हे कोण नाकारील? पण म्हणूनच तर नेमकेपणा हवा! ‘सत्कार्यास’ दिलेल्या पैशाचे काय झाले, असे कोणी कोणास विचारावे? ‘अमुक महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या शिष्यवृत्तीस’ असे लिहिले, म्हणजे हिशेब मागण्यास धर्मादाय आयुक्त आहे, माजी विद्यार्थी आहे आणि वर्तमानपत्रही आहे.

लिहिण्याचे काम अवघडही नाही. मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाही व नोंदणीची सक्ती नाही, जरी नोंदणी केलेली बरी. स्वाक्षरी व निदान दोन साक्षीदार हवेत, आणि व्यवस्थापक म्हणून मुलाखेरीज एखादा त्रयस्थ असावा. ठरावीक रकमेपेक्षा हिस्सा लिहावा, दशांश म्हणा की विसावा. कारण रुपया झिजतो, हिस्सा झिजत नाही. नेमलेली संस्था बंद पडल्यास पैसा कोणाकडे जावा, हेही लिहावे. आणि संस्थेस आधी विचारावे. हे शेवटचे आम्ही विशेषेकरून आमच्या व्यवसायबंधूंस सांगतो. प्राध्यापकाची पाचपंचवीस कपाटांची ग्रंथसंपदा ‘महाविद्यालयास द्यावी’ एवढे लिहून भागत नाही. कपाट, जागा आणि सूची यांच्या खर्चाची सोय नसेल, तर तीच पुस्तके प्रथम वाळवीच्या व मग रद्दीवाल्याच्या स्वाधीन होतात.

मरणाची भाषा अशुभ म्हणून हा विषय टाळणारे गृहस्थ विम्याचा हप्ता मात्र कधी चुकवीत नाहीत! तेव्हा अशुभाचे निमित्त पुरे. ज्या शाळेने, ज्या ग्रंथालयाने, ज्या रुग्णालयाने आपणांस मनुष्य केले, तिचे नाव मृत्युपत्रात एका ओळीत मावते. ते नाव ज्यास आठवत नाही, त्याने ‘सत्कार्य’ हा शब्द लिहून शाई वाया घालवू नये.