गृहपाठ की गृहपीडा?

‘आज शाळेत काय शिकलास?’ हा प्रश्न सुशिक्षित घरांतून हळूहळू लोप पावत चालला असून त्याच्या जागी ‘गृहपाठ झाला का?’ हा दुसराच प्रश्न येऊन बसला आहे. दिसावयास दोन्ही प्रश्न सारख्याच कळकळीचे. परंतु पहिल्यात मुलाची चौकशी आहे, दुसऱ्यात वहीची. आमच्या छत्रपती संभाजीनगरात सिडकोपासून गारखेड्यापर्यंत दिवेलागणीच्या सुमारास कोणत्याही घरात डोकवावे. सात वर्षांचे एक मूल वहीवर वाकलेले दिसेल, आणि पोळ्या लाटता लाटता मध्येच उठून त्याने लिहिलेली ओळ खोडरबराने पुसणारी त्याची आईही दिसेल. पूर्वी गृहपाठ काय दिला आहे हे निदान मूल तरी घरी येऊन सांगत असे. आता तो दुपारीच व्हॉट्सॲपच्या गटावर आईच्या फोनवर येऊन पडतो. ज्याच्या नावाने निरोप येतो त्यानेच काम करावयाचे, हा जगाचा न्याय आहे. तेव्हा गृहपाठ कोणास दिलेला आहे याविषयी शंका घेण्याचे कारण उरत नाही.

आमचे म्हणणे असे आहे की, चौथीपर्यंतच्या मुलांस लेखी गृहपाठ देणे म्हणजे शाळेने आपले अपुरे राहिलेले काम घराच्या गळ्यात बांधणे होय. आणि सर्वांत अनर्थाची गोष्ट ही की, ते ज्या घरास झेपत नाही त्या घरच्या मुलास आळशी ठरविण्यात येते.

या गृहपाठात असते काय, हे एकदा शांतपणे पाहावे. धड्याखालची प्रश्नोत्तरे फळ्यावरून वहीत उतरलेली असतात, तीच घरी दुसऱ्या वहीत उतरवावयाची. चुकलेला शब्द पाच वेळा लिहावयाचा. रिकाम्या जागा भरावयाच्या. चौथीच्या मुलाने शिवछत्रपतींचे चरित्र शिकावे अशी आपल्या राज्यात परंपरा आहे, आणि ती उत्तम आहे. परंतु किल्ला म्हणजे काय, हे शिकविण्यास देवगिरीसारखा गुरू ज्या शहराच्या वेशीपासून आठ-दहा मैलांवर उभा आहे, तेथील मूल ‘किल्ल्यांचे प्रकार लिहा’ या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शिकेतून नकलून काढते! डोंगरातील झऱ्याचे पाणी खापरी नळांतून आणून त्यावर जाते फिरविणारी पाणचक्की आपल्या गावात आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकात जमिनीखालून खेळविलेली नहर आपल्या गावात आहे. ज्या गावाच्या नळाला कैक वर्षे पाणी दिवसांच्या अंतराने येत आले, त्या गावच्या मुलास ‘पाण्याचे महत्त्व – दहा ओळी’ हा निबंध नकलावा लागावा, यापरते थट्टेचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. ती दहा ओळींची सामग्री त्याच्या घरच्या पिंपांत भरलेली आहे. पण ती लिहिली तर गुण जातील, अशी त्याला भीती वाटते.

आणि ते ‘प्रकल्प’! थर्माकोलचे घर, कापसाचे ढग, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेली पक्ष्यांची चित्रे. रात्री अकराला वडील डिंक लावीत बसतात, मूल केव्हाच झोपलेले असते, आणि दुसऱ्या दिवशी वडिलांच्या हस्तकौशल्यास ‘अ’ श्रेणी मिळते. शिक्षकांस हे कळत नाही असे नव्हे. त्यांस कळते, आणि त्यांस कळते हे पालकांसही कळते. अशा रीतीने मूल पहिलीतच एक धडा मात्र पक्का शिकते की, दुसऱ्याचे काम आपले म्हणून पुढे करण्यास हरकत नाही.

यावर जुन्या पिढीचे गृहस्थ म्हणतील, ‘आमच्या वेळी परवचा नव्हता काय?’ होता, आणि आम्हांस त्याचा आदर आहे. परंतु परवचा आणि आजचा गृहपाठ यांत साम्य एवढेच की दोन्ही घरी होत. परवचा तोंडी होता. तो देवापुढे दिवा लागल्यावर आजी-आजोबांच्या संगतीत, भावंडांच्या सुरात सूर मिसळून होत असे. आजीला अक्षर येत नसले तरी पावकी-निमकी चुकली की ती बसल्या जागेवरून चूक दाखवीत असे. त्यास वही नव्हती, लाल शाई नव्हती, आणि तो अर्ध्या घटकेत आटोपून मूल अंगणात पळत असे. त्या परवच्याची साक्ष काढून आजच्या तीन वह्यांचे समर्थन करणे हे विनोदी आहे.

‘लहानपणापासून सवय नको काय?’ हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. अमेरिकेतील हॅरिस कूपर या अभ्यासकाने गृहपाठाविषयीची अनेक संशोधने एकत्र करून प्रथम १९८९ मध्ये व पुढे सहकाऱ्यांसह २००६ मध्ये तपासली. वरच्या इयत्तांत गृहपाठ आणि यश यांचा काही संबंध दिसला. प्राथमिक इयत्तांत तो फारच क्षीण आढळला. कूपर स्वतः थोडक्या गृहपाठाचे विरोधक नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पण आमच्याकडे थोडके कोठे राहिले आहे? फ्रान्सने १९५६ मध्येच प्राथमिक शाळांतील लेखी गृहपाठ बंद करण्याचा आदेश काढला. आपल्याकडेही कादंबरीकार आर. के. नारायण यांनी राज्यसभेत मुलांच्या पाठीवरील दप्तराचे गाऱ्हाणे मांडले, पुढे प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्ये प्राथमिक वर्गांना गृहपाठ नसावा, फार तर आपल्या घरपरिसराचा शोध घेण्याचे काम असावे, असे सांगितले. केंद्राच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ मुळीच नाही, आणि तिसरी ते पाचवीस आठवड्याला अधिकात अधिक दोन तास, असे लिहिलेले आहे. दिवसाला नव्हे, आठवड्याला! हे धोरण आमच्या किती शाळांच्या कपाटांत निद्रिस्त आहे कोण जाणे.

सरकारची एक गंमत येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. दप्तर हलके व्हावे म्हणून महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने बांधण्यात आली. मुलांनी ती पाने तशीच ठेवून निराळ्या वह्याही नेल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो प्रयोग मागे घेण्यात आला. वह्या ज्या हुकमाने वाढतात तो हुकूम तसाच ठेवून कागदाची जागा तेवढी बदलली, की असे व्हावयाचेच.

परंतु आमच्या वाचकांच्या घरी आई शिकलेली आहे, वडिलांस फुरसत नसली तरी शिकवणीचे पैसे आहेत. वाळूजच्या कारखान्यात ज्याचा बाप रात्रपाळीस जातो आणि आई चार घरची धुणीभांडी करते, त्या मुलाच्या वहीकडे कोण पाहणार? मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर गृहपाठातले ‘गृह’च सहा महिने नाहीसे होते. शाळेत शिक्षक सर्वांना एकच आहे. घरी मात्र एकाला शिक्षक आहे, दुसऱ्याला नाही. गरिबाच्या मुलास ज्या पाच-सहा तासांत बरोबरीने बसता येते, त्यांतील काम काढून ते घरावर टाकणे म्हणजे ती बरोबरी मोडणे होय. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी, सरकारचा शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गाकडे वळतो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण कोरडे राहते, अशी तक्रार केली होती. पैशाच्या ठिकाणी वेळ हा शब्द घातला की ती आजही लागू पडते.

याच्या जोडीला इंग्रजी माध्यम आले. या भूमीत त्याविषयी बोलताना थोडी लाज वाटावयास हवी. निजामाच्या राज्यात दुय्यम शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूतच शिकवी. आपल्या मुलांना आपल्या भाषेत शिकता यावे म्हणून येथील लोकांनी सरस्वती भुवनसारख्या शाळा सांभाळल्या आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत वाट पाहिली. तेव्हा परकी भाषा फर्मानाने येत असे. आज आपण शुल्क भरून रांगेत उभे राहून ती पहिलीच्या पोरावर घालतो. इंग्रजी शिकू नये असे आम्ही म्हणत नाही. पण गृहपाठ इंग्रजीत आला की मराठी सातवी-आठवी शिकलेली चांगली शहाणी आई आपल्याच मुलापुढे निरक्षर ठरते. ‘तुला काही येत नाही’ हे वाक्य ते मूल आईला उच्चारते, तेव्हा शाळेने त्याच्याकडून काय काढून घेतले याचा हिशेब कोणत्या प्रगतिपुस्तकात लिहिला जातो?

शिक्षकांवर सारा दोष टाकणे अन्यायाचे होईल. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती व निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे त्यांस सांगता येतात. पण निवडणुका आपल्याकडे संपतात केव्हा? त्यांतून माहिती भरण्याचे, छायाचित्रे पाठविण्याचे निराळेच काम. शाळेचा तास असा कापला गेल्यावर धडा उरतो, तो घरी जातो. शिवाय वही भरलेली नसली तर ‘शाळेत काही शिकवीत नाहीत’ असा बोभाटा करणारे आम्ही पालकच आहोत. मोठे शुल्क घेणाऱ्या शाळेस भरलेली वही ही पावतीसारखी दाखवावी लागते, आणि पावती मागणारे आम्हीच.

म्हणून पुढच्या पालकसभेत शुल्क आणि बस यांविषयी बोलून झाल्यावर वाचकांनी एवढे विचारावे: २०२० च्या धोरणातील दोन तास आपल्या शाळेत कसे पाळले जातात? पाढे आणि शुद्धलेखन यांचा सराव शाळेतच शेवटच्या अर्ध्या तासात, शिक्षकांच्या नजरेखाली का होत नाही? घरी द्यावयाचेच असेल तर मुलाने कोणालाही, आजीलाही, दहा मिनिटे आपल्या भाषेत काही वाचून दाखवावे, किंवा घरातले पाणी कोठून येते हे विचारून यावे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तोंडी सांगावे, एवढेच का देत नाहीत? मुख्याध्यापक बहुधा म्हणतील की, पालकांचीच मागणी गृहपाठाची असते. तेथे बसलेल्यांपैकी किती जण ‘आमची नाही’ म्हणून हात वर करतात, हे आम्हांस पाहावयाचे आहे.