मुक्कामाची शिस्त

चाकांवरचे घर घेऊन हिंडणारा प्रवासी कोणाच्या ओसरीवर उतरत नाही. त्यामुळे आपण कोणाचेच पाहुणे नाही, असा त्याचा समज होतो. न्यूझीलंडमध्ये अशा गाड्यांनी किनाऱ्यांवर व तळ्याकाठी मागे ठेवलेल्या घाणीच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा २०११ साली उघड्यावरील मुक्कामासाठी स्वतंत्र कायदा झाला. २०२३ च्या सुधारणेने तर स्वयंपूर्ण म्हणवणाऱ्या गाडीत पक्के बसवलेले शौचालय सक्तीचे केले. जे सौजन्याने साधावयाचे, ते दंडाच्या धाकाने साधावे लागले.

महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. आपल्याकडे हा प्रश्न अधिक नाजूक आहे. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या शहापूर तालुक्यातच अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तेथील ओढ्यात कोणी साबणाने भांडी धुतली वा गाडीतील मैला ओतला, तर तो गावाच्या पिण्याच्या पाण्याशीच केलेला द्रोह ठरेल. तळावर मैल्याच्या विल्हेवाटीची सोय करणे हे शासनाचे कर्तव्य होय. परंतु जेथे सोय नाही, तेथून आपली घाण परत नेणे हे प्रवाशाचेच काम. पाहुणा कसा होता, हे तो गेल्यावरच यजमानाला कळते.