रजेचा अर्ज कोणाकडे?

मुंबई इलाख्यातील कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांसाठी 1929 मध्ये प्रसूतिलाभाचा कायदा झाला. तत्पूर्वी, 1928 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकाचा विधिमंडळात पुरस्कार केला होता. 2017 मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. ही प्रगती स्वागतार्हच. परंतु तिचा लाभ नोकरीतील स्त्रीपुरताच. घरी शिवणयंत्र चालविणाऱ्या, जेवणाचे डबे करणाऱ्या, भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या स्त्रीने रजेचा अर्ज कोणाकडे करावा?

तिचे काम थांबले की मिळकत थांबते आणि बांधलेले गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. म्हणून ती दिवस भरेपर्यंत राबते, आणि बाळंतपणाचा सव्वा महिनाही न सरता पुन्हा कामाला लागते. पात्र ठरल्यास प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी. 26 आठवड्यांवर ही रक्कम विभागली, तर दिवसाला जेमतेम 27 रुपये पडतात!

हे साहाय्य किमान वेतनाशी निगडित झाले पाहिजे. तिच्या अल्पबचतीत शासनाने भर घालून निधी उभारावा. जिला वेतन देणारा कोणी नाही, तिच्या बाळंतपणाची जबाबदारी समाजाचीच आहे.