मोडलेली फटफटी आणि घडलेला प्रवास

फटफटीवरून दूरदूरचा प्रवास करण्याची हौस आता आपल्या घराघरांतील तरुणांस लागली आहे. आणि वाटेत गाडी मोडली तर कसे होईल, ही वडीलधाऱ्या मंडळींची चिंताही तिच्या पाठोपाठ आलीच. ही चिंता अनाठायी आहे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु गाडी मोडल्याने प्रवास फुकट जातोच असे नाही, हे दाखविणारी एक खरी हकीकत आज वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हास वाटते.

१९५१ च्या डिसेंबरअखेर अर्जेंटिना देशातील कोर्दोबा शहरातून दोन मित्र दक्षिण अमेरिका पाहावयास निघाले. पहिला आल्बेर्तो ग्रानादो, वय २९, जीवरसायनशास्त्रज्ञ. कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयात काम केलेला. दुसरा एर्नेस्तो गव्हेरा, वय २३, वैद्यकाचा विद्यार्थी, लहानपणापासून दम्याने पछाडलेला. हाच पुढे 'चे' या नावाने जगास ठाऊक झाला. वाहन म्हणजे १९३९ सालची ५०० सीसी नॉर्टन. तिचे नाव त्यांनी ठेविले होते 'ला पोदेरोसा', म्हणजे बलशालिनी!

नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असाच प्रकार झाला. दोन माणसे, त्यांचे बोजे आणि कच्चे रस्ते यांपुढे त्या जुन्या यंत्राचे काही चालेना. वारंवार पडणे आणि स्क्रूच्या जागी तार गुंडाळून वेळ निभावणे, हा नित्यक्रम झाला. फेब्रुवारी १९५२ मध्ये चिली देशात लाउतारो गावाच्या अलीकडे हँडलचा दांडा मोडला व गिअरपेटीही फुटली. दुरुस्ती करून पुढे निघाले, तो एका उतारावर ब्रेकने दगा दिला. अखेर गाडी मालमोटारीत घालून राजधानी सांतियागो येथे आणली आणि तेथेच तिचा निरोप घेतला.

येथून माघारी फिरले असते, तर कोणी नावे ठेविली नसती. परंतु ते पुढे गेले. कधी पायी, कधी मालमोटारीतून, एकदा तर जहाजात लपून. फटफटीवर होते तोवर लोक त्यांस कौतुकाने पाहत. तेमुको येथील वृत्तपत्राने तर त्यांस कुष्ठरोगतज्ज्ञ म्हणून गौरविले होते. गाडी गेली आणि तो मानही गेला. आता ते रस्त्यावरचे दोन भणंग होते, ही जाणीव गव्हेराने आपल्या टिपणांत नमूद केली आहे. आमच्या मते खरा प्रवास घडला तो येथून.

चुकिकामाता येथील तांब्याच्या खाणीकडे जाताना वाटेत त्यांस एक बेकार खाणकामगार व त्याची पत्नी भेटली. कम्युनिस्ट म्हणून तो तुरुंगवास भोगून आला होता. वाळवंटातील कडाक्याची थंडी, आणि त्या जोडप्याजवळ पांघरूण नाही. दोघा मित्रांनी आपल्या दोन कांबळ्यांतील एक त्यांस दिली व उरलेल्या एकीत रात्र काढली. फटफटीवरून धूळ उडवीत जाणाऱ्यास हे जोडपे दिसले तरी असते काय?

पुढे जूनमध्ये पेरू देशातील सान पाब्लो येथील कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत ते राहिले. हातमोजे न घालता त्यांनी रुग्णांशी हस्तांदोलन केले, त्यांच्यासमवेत फुटबॉलही खेळले. हा रोग सहजासहजी जडत नाही व आज तो औषधाने पूर्ण बरा होतो. तरीही आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनसुद्धा अशा माणसाचे पान अजून दूर मांडले जाते, हे विसरता कामा नये.

त्याच वर्षी ग्रानादो व्हेनेझुएलात कुष्ठरुग्णसेवेत राहिला. गव्हेराने १९५३ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली खरी, परंतु पुढे शस्त्र धरिले व १९६७ मध्ये बोलिव्हियात त्याचा अंत झाला. त्याचा तो मार्ग आम्हास मान्य नाही. मात्र वाटेत दिसलेल्या दुःखाकडे त्याने पाठ फिरविली नाही, एवढे मान्य केलेच पाहिजे.

म्हणून घरच्या मुलांनी निघण्यापूर्वी पंक्चर काढावयास, प्लग साफ करावयास, साखळीचा ताण पाहावयास अवश्य शिकावे, आणि बोजा बेताचाच घ्यावा. इतके करूनही गाडी मोडलीच, तर चिडू नये. जवळच्या वस्तीत जावे, पाणी मागावे, दोन घटका बसावे आणि त्या माणसांचे कसे चालले आहे, ते विचारावे.