नाण्यावरील मासा

परदेशाहून परत आलेल्या एका स्नेह्यांनीं आमच्या घरांतील मुलांसाठीं आइसलंडचीं कांहीं नाणीं आणिलीं. एका क्रोनेच्या नाण्यावर कॉड मासा, दहांच्या नाण्यावर कॅपेलिन, पन्नासांवर खेंकडा! राजाचें वा पुढाऱ्याचें मुख कोठेंच नाहीं. मुलांना मौज वाटली. आमच्या मातोश्रींनीं मात्र हातांतील माळ थांबवून विचारिलें, "मासे त्यांचे म्हणतां, तर मग समुद्र कोणाचा रे?" आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या स्वयंपाकघरांत मासळीला प्रवेश नाहीं हें आम्ही जाणतों (आमच्या सारस्वत बंधुभगिनी या वाक्यास हंसतील!), पण हा प्रश्न पाकशास्त्राचा नसून मिळकतीचा आहे, आणि एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस तो सहज उमगेल.

सुमारें चार लाख वस्तीच्या या देशांत शेती बेताची आणि अरण्य जवळजवळ नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथून परदेशीं जाणाऱ्या मालांत शेंकडा नव्वदांहून अधिक वांटा मासळीचा होता. आपल्या किनाऱ्याजवळ इंग्लंडचे ट्रॉलर येऊन जाळीं भरून नेतात, हें या लोकांना म्हणूनच सोसेना. त्यांनीं आपली मासेमारीची हद्द 1952 सालीं चार मैल, 1958 सालीं बारा, 1972 सालीं पन्नास आणि 1975 सालीं दोनशें मैल अशी वाढवीत नेली. इंग्लंडनें आपल्या आरमाराच्या युद्धनौका धाडल्या. आइसलंडपाशीं आरमारच नव्हतें. होत्या त्या तटरक्षक दलाच्या मूठभर नौका, आणि पाण्याखालून ओढीत नेऊन परक्या जाळ्यांचे दोर कापणारें एक लोखंडी अवजार. शिवाय केफ्लाविक येथील अमेरिकन तळ व नाटो करारांतील सभासदत्व हीं दोन हुकुमाचीं पानें हातांत होतींच. जून 1976 मध्यें इंग्लंडनें माघार घेतली. हल व ग्रिम्सबी या इंग्रज बंदरांतील हजारों कुटुंबांची उपजीविका त्या तहानें बुडाली, हेंही विसरतां कामा नये.

परका गेला, आतां घरचीच मंडळी समुद्र उपसूं लागली. याचा धडा पूर्वीं एकदां मिळालेला होता. सिग्लुफ्योर्दुर या उत्तरेकडील गांवीं हेरिंग मासळी खारविण्यासाठीं उन्हाळ्यांत तरुण मुलींचे तांडे येत, रात्रंदिवस काम चाले, गांवांत पैसा खुळखुळे. 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस हेरिंगच संपली, आणि गांव ओस पडलें. आज तेथें त्या धंद्याचें संग्रहालय आहे.

कॉडचेंही तसेंच होऊं नये म्हणून 1984 सालापासून सरकारनें वर्षाला एकंदर किती मासे धरावयाचे तें ठरवून त्याचे हिस्से पाडले. ज्या नौकेनें मागील तीन वर्षांत जितकी मासळी धरली, त्या मानानें तिला हिस्सा. 1990 च्या कायद्यानें हे हिस्से विकण्याची पूर्ण मोकळीक दिली. मौज अशी कीं त्याच कायद्याचें पहिलें कलम म्हणतें, हे मासे सर्व राष्ट्राची समाईक मिळकत आहेत! वडिलोपार्जित जमीन सर्व भावांची असें खात्यावर लिहावें, आणि तीन वर्षें ज्यानें नांगर धरला त्यालाच ती विकण्याची मुभा द्यावी, असाच हा न्याय. नौकेवर राबणारे खलाशी, किनाऱ्यावर मासे साफ करणाऱ्या बायका, यांच्या नांवें कांहींच लागलें नाहीं.

तरी निव्वळ धंद्याच्या दृष्टीनें ही योजना फसली असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. हिस्सा ठरलेला असल्यानें दुसऱ्याच्या आधीं पोंचण्याची धांव संपली. नौका कमी झाल्या, खर्च उतरला, मासे जपून हाताळले जाऊं लागले व भाव वाढला. धरण्याजोग्या कॉडच्या एकंदर सांठ्यापैकीं अमुक एक भागच काढावयाचा, असा नियम पुढें झाला. प्रथम चतुर्थांश व नंतर पंचमांश. डोकींसुद्धां फुकट जात नाहींत; तीं वाळवून नायजेरियास धाडतात. पण पश्चिमेकडील खाड्यांतल्या कित्येक गांवांतून हिस्से विकले गेले, आणि समोर मासे पोहत असतां ते धरण्याचा हक्क गांवाजवळ उरला नाहीं. दोन मच्छीमारांनीं हें गाऱ्हाणें संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपुढें नेलें, तेव्हां 2007 सालीं समितीनें ही वांटणी समतेच्या तत्त्वास धरून नाहीं असा अभिप्राय दिला. 2009 पासून उन्हाळ्यांत लहान होड्यांना हातगळानें मासे धरण्याची सवलत मिळाली आहे. आमच्या मतें ती फार तोकडी आहे.

त्याच खाड्यांत आतां सालमन माशांचीं पिंजऱ्यांची शेती आली आहे, बहुतांशीं नॉर्वेच्या भांडवलावर. ओस पडत चाललेल्या गांवांस रोजगार मिळाला हें खरें. परंतु ऑगस्ट 2023 मध्यें एका पिंजऱ्यांतून हजारों सालमन निसटून नद्यांत शिरले. रानटी सालमनचें बीज बिघडेल या भयानें नॉर्वेहून पाणबुडे आणवून ते भाल्यांनीं टिपावे लागले. नदीकांठच्या शेतकऱ्यांचें उत्पन्न गळानें सालमन धरण्यास येणाऱ्या शौकिनांवर अवलंबून असतें. ते राजधानीपर्यंत निषेधास आले. एका गांवाचें पोट भरतें त्यानें दुसऱ्याचें रिकामें होण्याचा संभव, असा हा पेंच आहे.

राष्ट्राच्या मिळकतीबद्दल राष्ट्राला भाडें किती, हा वाद तर अद्यापि धुमसतो आहे. हिस्सेदारांकडून फी घेण्याचा कायदा 2002 सालीं होऊन 2004 पासून वसुली सुरू झाली. ती वाढविण्याचें बिल 2025 च्या उन्हाळ्यांत त्यांच्या आल्थिंग सभेपुढें आलें, तेव्हां विरोधकांनीं भाषणें इतकीं लांबविलीं कीं अखेर चर्चा बंद करण्याचा क्वचितच वापरला जाणारा अधिकार अध्यक्षांना वापरावा लागला. जुलैंत बिल मंजूर झालें. मातोश्रींना आम्हीं हें सर्व सांगितलें. त्या म्हणाल्या, "म्हणजे अजून वांटणीच चालली आहे तर," आणि माळ पुन्हां सुरू झाली.